‘होय’ म्हणजे काय?

परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत एका विशिष्ट जातीचा प्रश्न वारंवार आढळतो. ‘पुढील विधानांपैकी कोणते विधान असत्य नाही?’ असा तो प्रश्न. मी स्वतः एकदा वर्गाला असा प्रश्न घातला आणि निम्म्याहून अधिक मुलांची उत्तरे चुकली. मला राग आला. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना उभे करून मी तोंडी विचारले, “ह्यांतले खरे कोणते?” आणि आश्चर्य असे की, बहुतेकांनी अचूक उत्तर दिले. त्यांना धडा येत होता. माझा प्रश्न त्यांना कळला नव्हता. म्हणजे नापास झाला होता तो परीक्षक. परंतु गुणपत्रिकेवर शिक्षा लिहिली गेली ती मुलांच्या नावे.

शाळेतील अशी चूक एका चाचणीपुरती असते. ती सुधारता येते, गुण पुन्हा देता येतात. परंतु एखादे सबंध राज्यच परीक्षेस बसविले, प्रश्न असाच उलटसुलट घातला, आणि त्या उत्तरावर हजारो घरांचा विवाह वैध की अवैध हे ठरू लागले, तर त्या चुकीचे काय करावयाचे? हा कल्पनेचा खेळ नव्हे. गेल्या पंचवीस वर्षांत हे प्रत्यक्ष घडलेले आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अशी पद्धत आहे की, पुरेशा मतदारांच्या सह्या गोळा केल्या म्हणजे एखादा प्रस्ताव थेट जनतेपुढे मांडता येतो, आणि मतदाराने त्यावर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगावयाचे असते. मे २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी असा निर्णय दिला की, समलिंगी जोडप्यांनाही विवाहाचा अधिकार आहे. जूनपासून असे विवाह होऊ लागले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘प्रस्ताव ८’ मतदारांपुढे आला. राज्यघटनेत घालावयाचे वाक्य इंग्रजीत अवघे १४ शब्दांचे होते. केवळ स्त्री व पुरुष यांमधील विवाहच कॅलिफोर्नियात वैध अथवा मान्य राहील, असा त्याचा आशय. वाक्य दिसावयास किती सरळ! पण आता मतदाराच्या जागी उभे राहून पाहा. ‘ह्या लोकांना विवाह करू द्यावा काय?’ ह्याला ज्याचे मनातून ‘होय’ हे उत्तर असे, त्याने मतपत्रिकेवर ‘नाही’पुढे खूण करावयाची, आणि ज्याचे मनातून ‘नाही’ असे उत्तर असे, त्याने ‘होय’पुढे. माझ्या वर्गातला तोच प्रश्न, फक्त मोठ्या वर्गापुढे घातलेला.

शिवाय त्या प्रस्तावाचे नाव काय असावे, ह्यावरही झगडा झाला. प्रस्ताव आणणाऱ्यांनी त्याला विवाहाच्या संरक्षणाचा कायदा म्हटले. राज्याच्या महाधिवक्त्याने मतपत्रिकेवर शीर्षक दिले ते मात्र समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा अधिकार रद्द करणारा प्रस्ताव, असे. प्रस्तावकर्ते न्यायालयात गेले. ऑगस्टमध्ये न्यायालयाने महाधिवक्त्याचे शीर्षक कायम ठेवले. आता ह्या दोन नावांपैकी खोटे कोणते? प्रस्तावकर्त्यांच्या मते ते संरक्षण होते. आणि न्यायालयाने दिलेला अधिकार त्याने जाणार होता हेही निर्विवाद होते. धर्मराजाचे ‘नरो वा कुंजरो वा’ हे उद्गार शब्दशः खोटे नव्हते. खोटी ठरली ती ऐकणाऱ्या द्रोणाचार्यांची समजूत, आणि शस्त्र खाली पडले ते त्या समजुतीमुळे. मतपत्रिकेचेही तसेच आहे. वाक्य खरे असणे पुरेसे नाही. त्यातून वाचणाऱ्याच्या मनात उतरणारा अर्थ खरा असावा लागतो.

प्रस्ताव ८ शेकडा ५२ मतांनी संमत झाला. हा निकाल केवळ गोंधळामुळे लागला, असे माझे म्हणणे नाही. आपण काय करीत आहोत हे पुरते जाणून मत देणारे दोन्ही बाजूंस लक्षावधी लोक होते. परंतु जून ते नोव्हेंबर ह्या अवधीत ज्या सुमारे १८,००० जोडप्यांनी विवाह केले होते, त्यांच्या डोक्यावर निकालानंतर कित्येक महिने टांगती तलवार राहिली. त्यांचे विवाह मोडले की राहिले, हे त्या १४ शब्दांत कोठेच सांगितलेले नव्हते. मे २००९ मध्ये न्यायालयाने ते विवाह वैध असल्याचे सांगितले, तेव्हा कोठे त्यांचा जीव भांड्यात पडला. पुढे केंद्रीय न्यायालयाने २०१० मध्ये प्रस्ताव ८ घटनाबाह्य ठरविला, २०१३ मध्ये विवाह पुन्हा सुरू झाले, आणि २०१५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार सर्व राज्यांना लागू केला.

तरीही ते १४ शब्द घटनेच्या पानावर तसेच पडून होते. ते काढण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘प्रस्ताव ३’ मतास टाकण्यात आला, व शेकडा ६२ हून अधिक मतांनी तो संमत झाला. येथे गंमत पाहा. ह्या वेळी विवाहाच्या अधिकाराच्या बाजूने असणाऱ्याने ‘होय’ म्हणावयाचे होते. ज्या मतदाराचे मत सोळा वर्षांत तिळमात्र बदलले नाही, त्याला पहिल्या वेळी ‘नाही’ आणि दुसऱ्या वेळी ‘होय’ म्हणावे लागले. माणूस तोच, मत तेच. फिरला तो प्रश्न.

कॅलिफोर्नियापुरतीच ही गोष्ट असती तर एका राज्याची चूक म्हणून सोडून देता आली असती. परंतु मिनेसोटा राज्यात २०१२ साली हाच वाद उलट्या दिशेने झाला. विधिमंडळाने प्रस्तावाला ‘मान्यता’ देण्याच्या भाषेतील शीर्षक दिले होते. राज्याच्या निवडणूक अधिकाऱ्याने ते बदलून ‘मर्यादा’ घालण्याच्या भाषेतील दिले. आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळाचेच शीर्षक परत बसविले. म्हणजे एका राज्यात अधिकाऱ्याचे शब्द टिकले, दुसऱ्यात प्रस्ताव आणणाऱ्यांचे. मिनेसोटात आणखी एक बारकावा होता. घटनादुरुस्तीस मतदानास आलेल्या सर्वांच्या बहुमताची गरज असल्यामुळे, ज्याने त्या प्रश्नापुढची जागा कोरी सोडली त्याचेही मत ‘नाही’ ह्यातच धरले जाई. मौन म्हणजे संमती असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेथे मौन म्हणजे नकार होता! तो प्रस्ताव फेटाळला गेला.

त्याच वर्षी मे महिन्यात नॉर्थ कॅरोलायना राज्यात शेकडा ६१ मतांनी एक दुरुस्ती संमत झाली. स्त्री-पुरुषांचा विवाह हेच राज्यात मान्य असलेले एकमेव ‘कौटुंबिक वैधानिक बंधन’ राहील, असा तिचा आशय. समलिंगी विवाहास तेथील कायद्याने आधीच बंदी होती. नवे होते ते ‘एकमेव बंधन’ हे शब्द, कारण त्यांनी विवाहावाचून दिल्या जाणाऱ्या इतर नोंदणीकृत सहजीवनाचीही वाट बंद होत होती. त्या शब्दांचा अर्थ कायद्यात कोठे पक्का ठरलेला नाही, हे कायद्याच्या अध्यापकांनी त्या वेळी दाखवून दिले होते. विवाहाला विरोध परंतु नोंदणीकृत सहजीवनाला संमती, असे मत असणारे अनेक लोक होते. त्या मतपत्रिकेवर त्यांना आपले मत सांगण्यास जागाच नव्हती.

आयर्लंडची कथा आपणां बहुभाषी लोकांना विशेष बोधप्रद वाटेल. तेथील राज्यघटना आयरिश व इंग्रजी अशा दोन भाषांत आहे, आणि दोहोंत विसंगती आढळल्यास आयरिश पाठ प्रमाण मानावयाचा, असा नियम आहे. मे २०१५ च्या सार्वमतापूर्वी इंग्रजी वाक्य स्पष्ट होते: लिंगभेद न करता कोणाही दोन व्यक्तींना कायद्यानुसार विवाह करता येईल. परंतु आयरिश वाक्याची पहिली रचना अशी झाली होती की, तिचा अर्थ दोघे पुरुष अथवा दोघी स्त्रिया असा, म्हणजे स्त्री-पुरुषांचा विवाहच वगळणारा, निघू शकतो असा आक्षेप घेण्यात आला. सरकारने तो आक्षेप हसण्यावारी नेला नाही. मतदानापूर्वी आयरिश वाक्य बदलले. दोन्ही बाजूंपासून अलिप्त अशा एका आयोगाने, ‘होय’ म्हटल्यास काय बदलेल व ‘नाही’ म्हटल्यास काय तसेच राहील, हे लोकांना समजावून सांगितले. शेकडा ६२ लोकांनी ‘होय’ म्हटले, आणि हरलेल्या बाजूलाही आपण फसविले गेलो असे म्हणण्यास जागा उरली नाही. त्याच देशात मार्च २०२४ मध्ये, विवाहाबरोबरच ‘टिकाऊ संबंध’ हाही कुटुंबाचा पाया मानावा, अशी दुरुस्ती पुढे आली. हे ‘टिकाऊ’ कोणते व किती वर्षांचे, ह्याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही; आणि शेकडा ६७ हून अधिक लोकांनी ती फेटाळली. त्याची कारणे अनेक होती, पण शब्दाची संदिग्धता हे त्यांपैकी एक खचित होते.

बंधुभगिनींनो, आपण म्हणाल, ह्या दूरदेशीच्या विवाहवादाशी मॉरिशसच्या मराठी माणसाचा संबंध काय? समलिंगी विवाहाविषयी आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत. माझ्याही घरात ती आहेत, आणि आज मी त्यांचा निवाडा करावयास बसलेलो नाही. परंतु न कळलेल्या कागदावर संमती देणे म्हणजे काय, हे ज्यांच्या रक्तात लिहिलेले आहे असे लोक जगात थोडे, आणि त्या थोड्यांत आपण आहोत.

१८३४ ते १९१० ह्या काळात सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून करारावर ह्या बेटावर आली. कोकणच्या किनाऱ्यावरून आलेले आपले पूर्वज त्यांतलेच. मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या नोंदवह्यांतून ज्यांनी आपल्या पणजोबांचा नंबर शोधून काढला आहे, त्यांना ठाऊक आहे की त्या पानावर गावाचे नाव आहे, वय आहे, उंची आहे. पण त्या माणसाला करारातले काय कळले होते, ह्याचा रकाना तेथे नाही. कामावर एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. हे अनेकांना कळले ते उसाच्या मळ्यात उभे राहिल्यावर. तत्पूर्वी त्यांनी खूण केलेली होती. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ‘होय’ म्हटलेले होते. फिजीतील आपल्या बांधवांनी त्या इंग्रजी कराराचे नाव ‘गिरमिट’ असे केले. ज्या कागदाचे नावही जिभेला नीट उच्चारता येत नव्हते, त्या कागदावर पाच पाच वर्षांचे आयुष्य लिहून दिले गेले.

आणि विवाहाविषयी म्हणाल, तर एका वाक्याने विवाह नाहीसा कसा होतो हे आपल्या लोकांनी सोसलेले आहे. मार्च १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांताच्या न्यायालयाने दिलेल्या निर्णयाचा परिणाम असा झाला की, ख्रिस्ती विधीने अथवा नोंदणीने न झालेले हिंदी लोकांचे विवाह अमान्य ठरले. मंत्रांनी, अग्नीच्या साक्षीने, निकाह लावून संसार थाटलेल्या स्त्रिया एका दिवसात कायद्याच्या लेखी पत्नी उरल्या नाहीत. त्यासाठीच कस्तुरबा व त्यांच्यासह अनेक स्त्रिया तुरुंगात गेल्या, आणि १९१४ च्या कायद्याने त्या अन्यायाचे बऱ्याच अंशी निवारण झाले. आपल्या बेटावरही केवळ धर्मविधीने झालेला, नागरी दप्तरात न नोंदलेला विवाह दीर्घ काळ कायद्यापुढे विवाह नव्हता. म्हणून ज्यांच्या विवाहाचा प्रश्न इतरांच्या शब्दांवर व इतरांच्या मतांवर लटकलेला आहे, ते कोणीही असोत, आपणांस ते आवडोत वा न आवडोत, त्यांची धास्ती आपणांस परकी वाटू नये.

ह्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मतदाराने स्वतः वाचावे, समजून घ्यावे. न समजल्यास दोष त्याचा. हा आक्षेप आपल्यापुढे घेणाऱ्याने आपला इतिहास आठवावा. १९४८ च्या निवडणुकीत मताचा अधिकार मिळविण्यासाठी येथील एखाद्या भाषेत साधी वाक्ये वाचता-लिहिता येणे ही अट होती. आपल्या आजोबा-आजींनी ती अट निमूटपणे पुरी केली. दिवसभर ऊस तोडून रात्री बैठकेत कंदिलाच्या उजेडात त्यांनी अक्षरे गिरविली. मतदारांची संख्या सुमारे बारा हजारांवरून सत्तर हजारांवर गेली ती त्या कंदिलांमुळे. मतदाराला वाचता आले पाहिजे, ही अट आमच्या वडीलधाऱ्यांवर घातली गेली होती. मग मतपत्रिकेला सरळ बोलता आले पाहिजे, ही अट सत्ताधाऱ्यांवर का असू नये? अक्षर शिकणे हे मतदाराचे कर्तव्य असेल, तर अर्थ न लपविणे हे प्रश्न विचारणाऱ्याचे कर्तव्य आहे.

आपल्या देशात अद्याप ‘होय’–‘नाही’चे सार्वमत झालेले नाही, १९६७ साली स्वातंत्र्याचा निर्णयही आपण उमेदवार निवडूनच दिला. तथापि राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात बदल करावयाचा झाल्यास सार्वमत घ्यावे लागेल, अशी तरतूद आहे. तो दिवस केव्हा येईल न येईल. पण आपण घरी क्रिओल बोलतो, देवळात मराठी म्हणतो, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतो आणि कचेरीत इंग्रजी लिहितो. चार भाषांच्या उंबरठ्यांवरून जाताना अर्थ किती सांडतो, हे आपणांस कोणी सांगावयास नको. ‘ध’चा ‘मा’ झाल्याने पेशवा मारला गेल्याची आख्यायिका आपल्यात सांगितली जाते. तेथे तर भाषा एकच होती!

आणि एवढ्या दूर तरी कशाला जावे? काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका गावच्या मंडळात सभा भरली होती. मुलीचे लग्न झाले की तिचे सभासदत्व संपते, असा जुना नियम होता. सभेपुढे ठराव वाचला गेला तो असा: ‘नियमातील सदर शब्द वगळण्यात येऊ नयेत, ह्या सूचनेस ज्यांची संमती नसेल त्यांनी हात वर करावेत.’ माझी आत्या पुढच्या रांगेत बसली होती. आपल्या लेकीचे नाव यादीत राहावे म्हणून ती मुद्दाम आली होती. ‘वगळण्यात येऊ नयेत’ हे शब्द कानी पडताच तिला वाटले, मुलींना वगळू नये असेच चालले आहे. म्हणून तिने समाधानाने हात मांडीवर ठेवले. तिच्यासारख्या बाकीच्या बायकांनीही तेच केले. नियम तसाच राहिला. घरी आल्यावर आत्या मला म्हणाली, “अरे बाळा, आम्ही हो म्हटले ते ह्यांनी नाही कसे मोजले?” मी शाळामास्तर, पण मला उत्तर देता आले नाही. त्या वर्षी तिच्या लेकीने गणेशचतुर्थीची वर्गणी दिली ती पाहुणी म्हणून. पुढील वर्षी कोणीतरी सरळ विचारले: ‘लग्न झालेल्या मुली सभासद राहाव्यात काय? राहाव्यात असे वाटणाऱ्यांनी हात वर करावेत.’ सभागृहातील एकूण एक स्त्रीचा हात वर गेला, आणि निम्म्याहून अधिक पुरुषांचाही.

ह्या साऱ्यावरून मला चार गोष्टी सुचतात, आणि त्या राज्याला लागू आहेत तशाच आपल्या मंडळांनाही. पहिली, प्रश्नात नकारावर नकार चढवू नये. दुसरी, ‘होय’ म्हटल्यास काय बदलेल व ‘नाही’ म्हटल्यास काय तसेच राहील, हे प्रश्नाखालीच एकेका वाक्यात लिहावे. आज ज्यांना अधिकार आहे त्यांचे उद्या काय होईल, हे तर विशेषेकरून. तिसरी, शीर्षक देण्याचे काम जिंकू इच्छिणाऱ्या कोणत्याही बाजूकडे असू नये. ते अलिप्त माणसांकडे द्यावे आणि छापण्यापूर्वी दहा साध्या माणसांना वाचून दाखवून, काय समजले ते विचारावे. चौथी, लोक ज्या ज्या भाषांत जगतात त्या त्या भाषांत तो प्रश्न पारखून घ्यावा, आणि कोरी सोडलेली जागा कोणत्या बाजूस मोजली जाईल हे आधी सांगावे.

कोणी म्हणेल, इतके करूनही लोक चुकीचा निर्णय देतील. देतील कदाचित. परंतु तो त्यांचा निर्णय असेल. त्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकता येईल, पुढे त्यांना त्याचा पश्चात्तापही करता येईल. न कळलेल्या प्रश्नाच्या उत्तराचा पश्चात्ताप कोणी करावा? आणि ज्याचा संसार त्या उत्तराने उधळला जावयाचा, त्याने दाद तरी कोणाकडे मागावी?

आपल्या पूर्वजांनी न कळलेल्या कागदावर खूण केली, कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आपल्यापुढे तो आहे. म्हणून यापुढे सभेत, मंडळात, मतदानकेंद्रात कोणीही आपणांस ‘होय की नाही?’ असे विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी उभे राहून नम्रपणे विचारावे, “महाराज, आमच्या ‘होय’चा अर्थ काय लावणार ते आधी सांगा.” तसे विचारण्याचा आपला हक्क फार महागात विकत घेतलेला आहे.